लोबो मॅडमचं नाक

रोह्याच्या कंपनीत लागल्यावर मी सगळ्यात आधी काय सोडलं, तर डोक्याला तेल लावणं. मग गजरा गेला, पावडर गेली, चंदनाचा साबण गेला आणि शेवटी डब्यातला कांदा. आईला यातलं एकही पटलं नाही. आमच्याकडे मुलीनं केस कोरडे ठेवून बाहेर पडणं म्हणजे घरात कुणीतरी गेल्याची खूण. ती रोज सकाळी खोबरेलाची वाटी घेऊन दारात उभी राहायची आणि मी तिच्या हाताखालून वाकून निसटायची. "काय गो मंदे, केसांचं पार गवत झालंय," ती मागून ओरडायची. "कंपनीत टकली करून घेतात व्हय?" शेजारच्या ओटीवर कुणी ना कुणी बसलेलंच असायचं, त्यामुळे माझ्या केसांची चर्चा मी एस.टी. स्टँडवर पोचायच्या आत अख्ख्या आळीत पोचलेली असायची.

आमचं घर पेणला, पोह्यांच्या गिरणीच्या मागच्या बाजूला. अण्णा त्या गिरणीत भट्टीवर होते. भिजवलेलं भात गरम वाळूत पडलं की जो वास सुटतो तो आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, वह्यापुस्तकांनाही असायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्या वहीला भूक लागल्यासारखा वास येतो. आई घरी पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करायची. उन्हाळ्यात गच्चीवर, पावसाळ्यात चुलीच्या कडेला, कुठेही बघावं तर काहीतरी वाळत टाकलेलं. हिंग, पापडखार, मिरी, लाटताना हाताला लागलेलं तेल. मी आणि धाकटी सुमी शाळेतून आलो की आधी आईच्या हाताचा वास घ्यायचो आणि आज काय केलंय ते सांगायचो. हा खेळ होता. त्यातून पुढे पोट भरेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. आई मात्र खेळायची नाही, तिला गरजच नव्हती. अण्णा गिरणीतून यायचे तेव्हा ती चुलीसमोरून न उठता सांगायची, "आजचं भात जास्त भिजलंय, आंबूस येतंय." अण्णा पाय धुता धुता म्हणायचे, "मालकाला नाय कळलं, तुला घरात बसून कळतंय!"

बी.एस्सी. झाल्यावर रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत जागा निघाली. बिस्किटं, सरबतं, गोळ्या यांच्यासाठी लागणारे वास आणि स्वाद तिथे तयार व्हायचे. मुलाखतीला फारसं काही विचारलं नाही. समोर तीन तपकिरी बाटल्या ठेवल्या. दोन सारख्या, एक वेगळी, वेगळी कुठली ते ओळखा. मग दुसऱ्या तीन, मग तिसऱ्या. टेबलाच्या पलीकडे पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, सुती फ्रॉक घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. शेवटच्या तीन बाटल्यांना मी म्हटलं, "यातली एकही वेगळी नाही." त्या पहिल्यांदाच हसल्या. तिन्ही बाटल्यांत एकच द्रव होता. "पोरी खोटं काहीतरी सांगून टाकतात," त्या म्हणाल्या. "तू सांगितलं नाहीस. सोमवारी ये. आणि तेल लावून येऊ नकोस."

या लोबो मॅडम. मूळच्या कोर्लईच्या, किल्ल्याच्या पायथ्याशी जे ख्रिस्ती गाव आहे तिथल्या. घरात त्यांची वेगळीच जुनी बोली, बाहेर शुद्ध मराठी आणि चिडल्या की इंग्रजी. लग्न केलेलं नव्हतं. रोह्यात एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी गावी जायच्या. कंपनीतल्या सगळ्या वासांचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी मान हलवल्याशिवाय एक पिंपही गेटबाहेर पडत नसे.

पहिले काही महिने मी फक्त कागदाच्या पट्ट्या हुंगल्या. बाटलीत पट्टीचं टोक बुडवायचं, नाकाखाली धरायचं, दोन लहान श्वास, बस्स. लांब श्वास घेतला की मॅडम टेबलावर टिचकी मारायच्या. "हपापल्यासारखं घेऊ नकोस. वास पाहुण्यासारखा असतो, ओढून घरात आणायचा नसतो." नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या वळणाचा वास घ्यायचा. आपलाच वास असतो, त्यामुळे नाक पुन्हा जागेवर येतं. आजही बाजारात मी मसाल्याच्या दुकानातून दुसऱ्या दुकानात जाताना नकळत कोपर नाकाशी नेते. नातवाला वाटतं, आजीला शिंक येतेय.

मग एके दिवशी टेबलावर वाइनचे ग्लास आले. नाशिककडची एक नवी वाइनरी आमच्या कंपनीकडून मार्गदर्शन घेणार होती, आणि मॅडमनी कंपनीच्या मोठ्या साहेबांना पटवलं होतं की नाक तयार करायला वाइनसारखं दुसरं काही नाही. "तुमच्या बाटल्यांत एकेक वास सुटा असतो," त्या आम्हा तिघा शिकाऊ लोकांना म्हणाल्या. "इथे पन्नास वास एकमेकांच्या अंगावर बसलेत. गर्दीत आपलं माणूस ओळखता यायला हवं." आधी ग्लास न हलवता वास घ्यायचा, मग देठाला धरून गोल फिरवायचा आणि पुन्हा घ्यायचा. दुसऱ्यांदा वेगळंच काहीतरी वर येतं. तोंडात घ्यायची, घोळवायची, थुंकायची. मी पहिल्या दिवशी थुंकायच्या भीतीनं गिळली आणि दुपारभर कान गरम झाले.

घरी काय सांगायचं हा प्रश्न होताच. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून जेवताना सरळ सांगून टाकलं. आईनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "दारूचा वास घ्यायचा पगार देतात?"

"घेऊन थुंकते गो ती," अण्णा शांतपणे म्हणाले.

"थुंकायची तर मग घ्यायची कशाला?" आई म्हणाली. त्यानंतर आई शेजारणींना सांगायला लागली की मंदा औषधाच्या कंपनीत हाय.

खरी अडचण दुसरीच होती. आम्हाला शब्दांचा एक छापील तक्ता दिला होता. त्यात ब्लॅककरंट, गूजबेरी, व्हायलेट, ओक, असली विलायती फळं, फुलं, लाकडं. मी तो पाठ केला. लाल वाइन आली की ब्लॅककरंट लिहायचं आणि पांढरी आली की गूजबेरी. परीक्षेची सवय होतीच. एकदा मॅडमनी माझा कागद उचलला आणि विचारलं, "ब्लॅककरंट खाल्लंयस?"

"नाही."

"पाहिलंयस?"

"चित्रात."

त्यांनी तक्ता माझ्यासमोरून काढून घेतला. "आजपासून जे नाकाला ठाऊक आहे तेच लिहायचं. मराठीत लिही. इंग्रजी नाव मी शोधीन." समोर पांढरी वाइन होती. मी पुन्हा ग्लास नाकाशी नेला. बराच वेळ काही सुचलं नाही, आणि मग एकदम शेतातली थंडी आठवली. पोपटी! आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भरून भाजतात. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कोंबतात. तो पाला हातानं चुरगाळला की जो हिरवा, उग्र वास येतो तो त्या ग्लासात होता. "भांबुर्डा," मी भीत भीत म्हटलं. मॅडमनी स्वतः ग्लास उचलला, डोळे मिटले आणि खुर्चीत मागे रेलल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी याला गवत म्हणत होते."

त्या दिवसापासून माझं शिक्षण खरं सुरू झालं. मी एक वही केली. मुरलेलं करवंद, कच्चं करवंद, जांभळाची बी, कोकमाचं वाळलेलं साल, शाडूची ओली माती, नवं गोणपाट, पावसात भिजलेलं गोणपाट. सकाळच्या एस.टी.त मी डोळे मिटून बसायची आणि गाडी कुठे आली ते नाकानं सांगायची. वडखळला तळणाचा वास, मोसमात पांढऱ्या कांद्यांच्या माळांचा. नागोठण्याला नदी आणि सुकट. खिंडीत ओला पाला आणि एकदम गार हवा. रोहं जवळ आलं की कंपन्यांचा तो गोडसर, घशाला लागणारा वास, ज्याला आम्ही नोकरीचा वास म्हणायचो. घरी सुमी माझे डोळे ओढणीनं बांधायची आणि स्टीलच्या डब्या पुढे करायची. धने, शहाजिरं, त्रिफळ, मेथी. मी सगळ्या ओळखायची. एका रविवारी आई बाजूनं जाताना म्हणाली, "ती मेथी हाय, पण गेल्या वर्षाची." मी ओढणी सोडून बघितलं. खरंच जुनी होती. मला ते कळलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात मॅडमना मोठा ताप आला. पंधरा दिवस त्या रजेवर होत्या. परत आल्या तेव्हा बारीक झालेल्या, पण तशाच कडक. एक गोष्ट मात्र बदलली. पूर्वी त्या आधी वास घेऊन कागदावर लिहायच्या आणि मग आम्हाला विचारायच्या. आता म्हणायच्या, "आधी तू सांग, मंदा." मला वाटलं, मी तयार झाले म्हणून मान देतायत. मला फार अभिमान वाटला. मी सांगायची, त्या ऐकून मान हलवायच्या आणि इंग्रजी शब्द लिहायच्या. एकदा चहात दूध नासलेलं होतं, वर गुठळ्या दिसत नव्हत्या पण वास स्पष्ट येत होता. आम्ही तिघांनी कप खाली ठेवले. मॅडम पूर्ण चहा प्यायल्या. मी ते पाहिलं आणि मनातून बाजूला सारलं. माणूस ज्याला मानतो त्याच्याबद्दल काही गोष्टी कळूनही कळून घेत नाही.

दिवाळीनंतर नाशिकचे लोक आले. त्यांची पहिली मोठी लाल वाइन बाटल्यांत भरून तयार होती, मुंबईच्या हॉटेलांत जायची होती. वाइनरीचे मालक कदम म्हणून होते, सगळं वडिलोपार्जित शेत त्यांनी द्राक्षवेलींखाली घातलेलं. बोलताना सारखा रुमाल घडी करत होते. आमचे मोठे साहेबही बसले होते. बाटली उघडली, ग्लास फिरले. मी ग्लास नाकाशी नेला आणि हात तिथेच थांबला. फळ नव्हतंच. भिजलेलं गोणपाट, अडगळीत पडलेला ओला पुठ्ठा, बंद कपाटातली बुरशी. हलवून पुन्हा पाहिलं. आणखी वाईट.

मॅडमनी ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घेतला आणि थुंकला. मग त्या माझ्याकडे वळणार इतक्यात साहेब म्हणाले, "आज आधी तुमचं मत, मॅडम." खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरले नाही. रस्ता ओलांडताना हात सुटलेल्या मुलासारखं काहीतरी. मग त्या ठाम आवाजात म्हणाल्या, "स्वच्छ आहे. पिकलेलं फळ आहे. चांगली झालीय."

कदमांनी रुमाल खिशात टाकला. साहेब हसले. आम्ही शिकाऊ लोकांनी आपापले कागद भरायचे होते. माझ्या शेजारच्या दोघांनी मॅडमचंच लिहिलं. त्यांना वास आला होता की नाही देव जाणे. मी पेन हातात धरून बसले. नासलेला चहा, 'आधी तू सांग', सगळं एकदम समोर आलं. आणि मी लिहिलं, 'स्वच्छ. पिकलेलं फळ.'

पाहुणे जेवायला गेले. मॅडम प्रयोगशाळेत एकट्याच ग्लास गोळा करत होत्या. मी दारात उभी राहिले. "मॅडम, त्या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास आहे," मी एका दमात म्हटलं.

त्यांनी विचारलं नाही, खात्री आहे का. हातातला ग्लास नाकाशी धरला, खूप वेळ धरला. "मला पाण्याचा वास येतो," त्या म्हणाल्या. "पाण्याला जितका येतो तितका. तापानंतर सगळ्याला तोच येतो. वाटलं, येईल परत. रोज सकाळी लवंग हुंगते, काही नाही." मला रडू यायला लागलं. त्यांनी माझा कागद उचलला, वाचला, आणि त्यांचा आवाज बदलला. "माझं नाक गेलं हे माझं दुखणं. तू खोटं लिहिलंस ते कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"मला नको होतं," त्या म्हणाल्या. "त्या माणसानं आपलं शेत घातलंय त्या बाटल्यांत. चल."

जेवणाच्या खोलीत साहेब कदमांना अजून घ्या म्हणून आग्रह करत होते. मॅडम उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "मघाशी मी दिलेलं मत चुकीचं आहे. मला चार महिने वास येत नाही. ही तुम्हाला खरं सांगेल. बोल मंदा, तुझ्या शब्दांत." मी बोलले. गोणपाट म्हटलं, पुठ्ठा म्हटलं, बुरशी म्हटलं. कदमांचा चेहरा आधी लाल झाला. "सकाळी चांगली, दुपारी वाईट? चेष्टा आहे का?" पण ते शेतकरी होते, रागातही तपासून बघायची सवय होती. ते परत प्रयोगशाळेत आले, ग्लासात नाक घातलं, आणि हळूच म्हणाले, "आमच्या खताच्या खोलीसारखा येतोय की." दुसरी बाटली उघडली, ती निर्दोष निघाली. तिसरीत पुन्हा तोच वास. दोष वाइनचा नव्हता, बुचांचा होता. बुचं आलेली एक गोणी ओल खाल्लेली निघाली. त्यांनी तो माल थांबवला, एकेक बाटली तपासून बिघडलेल्या बाजूला काढल्या, चांगल्यांना नवी बुचं बसवली, आणि वाइन उशिरा का होईना, हॉटेलांत गेली. पुढे अनेक वर्षं ते हंगामात आमच्या घरी द्राक्षांची पेटी पाठवत. आई शेजारणींना वाटायची आणि औषधाच्या कंपनीतून आली म्हणून सांगायची.

साहेब मॅडमना घरी बसवतील अशी सगळ्यांची खात्री होती. तसं झालं नाही, याचं श्रेय साहेबांना द्यायला हवं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि आम्हा दोघींना बोलावलं. "एकीकडे नाक आहे, एकीकडे तीस वर्षांची आठवण," ते म्हणाले. "दोघींनी मिळून एक माणूस व्हा." पुढची नऊ वर्षं आम्ही तशाच बसलो, एका टेबलाला. मी ग्लास किंवा पट्टी नाकाशी धरायची आणि जे येईल ते सांगायची. मॅडम प्रश्न विचारायच्या. आधी काय आलं? नंतर काय? मधे काही लपतंय का? त्या प्रश्नांनी मला ते वास सापडायचे जे माझ्या नाकात येऊनही माझ्या लक्षात येत नसत. परवाच्या साथीत मला स्वतःला तीन आठवडे कशाचाच वास येईना. भात, साबण, नातवाचं डोकं, सगळं एकसारखं. तेव्हा मला कळलं की त्या बाईनं ते चार महिने गप्प राहून कसे काढले असतील. माझा वास परत आला. त्यांचा कधीच आला नाही.

कदमांची वाइन अडली त्याच वर्षीच्या नाताळात मॅडमनी आम्हाला कोर्लईला बोलावलं. आई नाय-नाय करत शेवटी तयार झाली. मी, आई आणि सुमी अलिबागला गाडी बदलून, रेवदंड्याचा पूल ओलांडून दुपारी पोचलो. घर बुटकं, पांढऱ्या चुन्याचं, मागे माड आणि माडांमागे समुद्र. अंगणात खारवलेले मासे वाळत होते. आईनं येताना पोह्याचे पापड आणले होते, ते मॅडमच्या वहिनीनं लगेच चुलीवर भाजले. गप्पा पापडावरून सुरू झाल्या आणि खाराच्या प्रमाणावर बराच वेळ रेंगाळल्या. आई मोकळी झाली. मग मॅडम आतून एक बाटली आणि छोटे ग्लास घेऊन आल्या. घरची वाइन, दरवर्षी त्या स्वतः करायच्या. मनुका, साखर, गव्हाचे दाणे आणि त्यांच्या आईनं सांगितलेला मसाला. त्यांनी मला दिली आणि सवयीनं म्हणाल्या, "सांग."

मी सांगायला सुरुवात केली. मनुका, गूळ, थोडी लवंग. आई शेजारी बसून ऐकत होती. माझं ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मी ओळखत होते. शेवटी तिला राहवलं नाही. "दे गो इकडं," ती म्हणाली आणि ग्लास माझ्या हातातून घेतला. प्यायली नाही. पदरानं ग्लासाची कड पुसली, नाकाशी धरला, दोनच लहान श्वास घेतले. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"बाई," ती मॅडमना म्हणाली, "हिला कळलं नाय. यात बाळंतिणीच्या खोलीचा वास हाय."

सुमी हसली. मी आईला कोपरानं ढोसलं. मॅडम मात्र पुढे सरकून बसल्या. "कसला म्हणालात?"

"शेपा हायत यात. बाळंतशेपा. भाजून घातल्यात. मागनं येतो वास, गोडाच्या मागनं."

मॅडमनी बाटली हातात घेतली. मग म्हणाल्या, "माझी आई घालायची. यंदा मसाला कुटताना शेपा टाकल्या की नाही तेच मला आठवेना. पूर्वी नाकाला विचारायची. यंदा विचारायला कुणी नव्हतं. दोन महिने ती बाटली मी रोज बघतेय आणि मला वाटतंय, आईचा हात यात आहे की नाही."

"हाय," आई म्हणाली. "भरपूर हाय."

मॅडमनी स्वतःचा ग्लास उचलला आणि डोळे मिटून एक घोट घेतला. त्यांना चव काय कळली असेल, मला माहीत नाही, थोडी गोडी आणि थोडी आग, तेवढंच. पण त्यांनी तो घोट लगेच गिळला नाही, तोंडात धरून ठेवला. मग डोळे न उघडताच त्या आईला म्हणाल्या, "अजून काय आहे, सांगा ना." आणि आमची आई, जिनं आयुष्यात दारूच्या दुकानासमोरून जाताना पदर नाकाला लावला होता, ती खुर्ची मॅडमच्या जवळ ओढून बसली आणि त्यांना एकेक वास सांगू लागली.